सीडी प्लेअर : नवा घ्यावा की जुना?



रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे वडील निवृत्त शिक्षक. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचे ते त्यांना उमगत नाही, पण सीडी त्यांच्या हाताला कळते. कोणत्या डबीत काय आहे हे डबीच्या तुटक्या कोपऱ्यावरून, तिला लावलेल्या रबरावरून ते ओळखतात. साठ-सत्तर डिस्क आहेत. बऱ्याचशा किरातीच्या आणि नातांच्या, काही तकरीरींच्या, दोन-चार मुशायऱ्यांच्या. आणि दोन डिस्क घरी भरलेल्या आहेत. त्यांत त्यांच्या मरहूम वालिदांचा आवाज आहे, एका निकाहच्या वेळी केलेल्या दुआचा.

घरातली जुनी सिस्टिम बंद पडली. कुवेतला असलेल्या मुलाने पैसे पाठवले आणि सांगितले, अब्बांसाठी चांगल्यातला चांगला प्लेअर घ्या. इथून वाद सुरू झाला. मुंबईत ओळखीतून एक गृहस्थ आपला पंचवीस वर्षांपूर्वीचा उंची जपानी प्लेअर विकत आहेत. तेवढ्याच पैशात एखाद्या चांगल्या कंपनीचा नवा, मधल्या किमतीचा प्लेअर येतो. अम्मी म्हणतात, नवा घ्या, पुढची कटकट नको. मामू म्हणतात, तसली वस्तू आता बनत नाही, नव्यात नुसता पत्रा असतो. भगिनी विचारतात, कोणाचे ऐकावे?

प्रश्न एका घरचा असला तरी तो एका घरापुरता नाही. गाडी असो, शिलाई मशीन असो की फ्रिज, जुने उंची घ्यावे की नवे साधे, हा पेच प्रत्येक घरात कधी ना कधी पडतोच. म्हणून आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत.

कोणी म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात सीडी प्लेअरवर पैसे घालणे ही फिजूलखर्चीच. जिथे फोनवर सहज भागते तिथे हे म्हणणे खरे आहे. परंतु ज्याच्या हाताला बटण लागते आणि ज्याची सगळी ठेव डिस्कवर आहे, त्याच्यासाठी ही गरज आहे. गझल ऐकावी की नाही, वाद्यांचे काय, हा वेगळा मसला. तो आपापल्या आलिमांना विचारावा. इथे आपण फक्त यंत्राबद्दल आणि त्याच्या सौद्याबद्दल बोलू.

आधी यंत्र समजून घेऊ

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडी तयार केली. १९८२ मध्ये जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर बाजारात आला. १२ सेंटिमीटरच्या त्या चकतीवर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. आवाजाच्या एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे माप १६ बिटांत लिहिलेले असते. हे आकडे म्हणजे चकतीवरचे अतिसूक्ष्म खळगे. लेझरचा अदृश्य किरण त्यांवर पडतो, परावर्तित होऊन परत येतो आणि प्लेअर त्यावरून आकडे वाचतो. वाचन आतल्या कडेकडून बाहेर जाते. सुरुवातीला चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत सुमारे २०० वर येते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डिस्कवर जे आकडे आहेत तेच स्वस्त प्लेअरही वाचतो आणि महागडाही. किरकोळ ओरखडा आला तरी हुकलेले आकडे भरून काढण्याची सोय सीडीच्या रचनेतच आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे? मजबूत यंत्रणेचे, चांगल्या वीजपुरवठ्याचे, आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाचे आणि जड, न थरथरणाऱ्या पेटीचे. मामूंचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. १९९० च्या दशकातल्या उंची प्लेअरची बांधणी आजच्या मधल्या किमतीच्या प्लेअरमध्ये सहसा दिसत नाही.

पण बाकीचा हिशोबही पाहिला पाहिजे. आकड्यांचा आवाज करणारी चिप तेव्हा महाग होती, आज स्वस्त झाली आहे. तेव्हा जे काम फक्त उंची यंत्रात चांगले होई, ते आज मधल्या किमतीच्या यंत्रातही चांगले होते. आणि मजबूत पेटीच्या आत जे भाग झिजतात, ते पेटी कितीही जड असली तरी झिजतातच.

असे भाग चार. पहिला लेझरचा जुडगा, ज्याला दुरुस्तीवाले नुसते 'लेन्स' म्हणतात. लेझर वापराने मंद होतो. दुसरा, चकती फिरवणारी आणि लेन्स सरकवणारी मोटर. तिसरा, ट्रे आत-बाहेर करणारा रबरी बेल्ट. तो वर्षांनी सैल पडतो, कडक होतो किंवा चिकट होतो. चौथा, वीजपुरवठ्यातले कंडेन्सर. ते हळूहळू सुकतात. बेल्ट आणि कंडेन्सर कोणताही जाणता कारागीर बदलून देईल. मोटरही बहुधा जुळवता येते. खरी मेख लेन्समध्ये आहे.

सगळा सौदा लेन्सवर

प्रत्येक प्लेअरला ठरावीक जातीचीच लेन्स लागते. तिचा नंबर असतो. काही नंबर अतिशय चालते. सोनीची 'केएसएस-२१३' मालिका छोट्या स्वस्त सिस्टिमपासून नावाजलेल्या प्लेअरपर्यंत कितीतरी यंत्रांत बसवली गेली. ती लेन्स आजही मिळते, मात्र बाजारात नक्कलही भरपूर आहे. उलट काही उंची प्लेअरमध्ये खास त्यांच्यासाठीच बनवलेली यंत्रणा होती. ती बनणे कधीच बंद झाले. असा प्लेअर आज गोड वाजत असेल, पण ज्या दिवशी त्याची लेन्स जाईल त्या दिवशी तो एक सुंदर, जड डबा होईल.

म्हणून जुन्या प्लेअरची किंमत त्याच्या नावावरून करू नये. मॉडेल नंबर विचारा. त्यावरून कारागिराला विचारा की यात कोणत्या नंबरची लेन्स आहे आणि ती आज अस्सल मिळते का. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, इथे चार दुकाने फिरल्यावर याचा अंदाज येतो. लेन्स मिळत नसेल तर मोह सोडा. मिळत असेल तर तिची किंमत आणि कारागिराची मजुरी जुन्या प्लेअरच्या भावात आधीच मिळवून धरा. ती लेन्स आज ना उद्या बदलावी लागणार, असेच समजून हिशोब करा.

हिशोब असा. मागितलेली किंमत, अधिक लेन्स व मजुरी, अधिक बेल्ट आणि कंडेन्सरचे काम, अधिक आणण्याचा खर्च, आणि यंत्र परदेशी विजेवरचे असेल तर ट्रान्सफॉर्मर. ही बेरीज नव्या प्लेअरच्या किमतीजवळ गेली, तर जुना स्वस्त राहिलेलाच नसतो. तो फक्त आधी स्वस्त दिसत असतो.

विजेचा मुद्दा आपल्या घरांत विशेष महत्त्वाचा, कारण आपल्याकडे वस्तू चारी दिशांनी येतात. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. सौदी अरबमध्ये अनेक वर्षे घरांतून १२७ व्होल्टची वीजही होती. खास जपानच्या बाजारासाठी बनलेला प्लेअर इथल्या प्लगमध्ये थेट लावला तर क्षणात जळतो. प्लेअरच्या पाठीवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो. पैसे देण्याआधी तो वाचा. पाठीचा फोटो मागवला तरी चालतो.

ऐकायचे काय आहे?

घेण्याआधी आपल्या डिस्क टेबलावर मांडून पाहा. अनेक घरांत संपूर्ण कुरआनची तिलावत एकाच डिस्कवर असते. ती एमपीथ्री डिस्क. साध्या ऑडिओ सीडीवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावतात. संपूर्ण कुरआनला अशा वीसहून अधिक डिस्क लागतात. १९९० च्या दशकातले उंची प्लेअर फक्त ऑडिओ सीडी वाजवतात. एमपीथ्री डिस्क त्यांत घातली तर शांतता, किंवा पडद्यावर चूक झाल्याची खूण. आज मिळणाऱ्या बऱ्याच नव्या प्लेअरमध्ये एमपीथ्री चालते, काहींत पेनड्राइव्हही लागतो. तरी घेताना विचारून आणि लावून पाहावे.

घरी भरलेल्या डिस्कचेही तसेच. छापलेल्या सीडीत खळगे दाबून उठवलेले असतात. घरी भरलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याच्या थरावर लेझरने खुणा केलेल्या असतात. थकलेल्या लेन्सला त्या वाचणे जड जाते. पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या 'आरडब्ल्यू' डिस्क तर छापलील डिस्कच्या मानाने फारच थोडा प्रकाश परतवतात, आणि कित्येक जुने प्लेअर त्या वाचतच नाहीत. म्हणजे पत्रातल्या अब्बांना जी दुआ सर्वांत प्रिय, तीच उंची प्लेअरवर न वाजण्याची शक्यता आहे. ही बाब मामूंच्या कानावर जरूर घालावी.

आवाजाच्या गोडीबद्दलही एक गोष्ट. कारी महमूद खलील अल-हुसरी यांची संपूर्ण कुरआनची तिलावत १९६१ साली ध्वनिमुद्रित झाली. कारी अब्दुल बासित यांचा इंतकाल १९८८ मध्ये झाला. त्यांच्या गाजलेल्या कित्येक तिलावती सीडीचा शोध लागण्याआधीच टेपवर घेतलेल्या आहेत. त्यांतली बारीक खरखर त्या वेळच्या टेपची आहे. कोणताही प्लेअर, कितीही महागडा, मूळ मुद्रणात नसलेले काही देऊ शकत नाही. पण चांगला स्पीकर आहे ते स्वच्छ ऐकवतो. दोन चांगल्या प्लेअरमधला फरक ओळखायला कान टवकारावे लागतात, दोन स्पीकरमधला फरक स्वयंपाकघरातून कळतो. उरलेले पैसे घालायचेच तर स्पीकरवर घालावेत.

जुन्याची परीक्षा कशी घ्यावी

इतके सगळे पाहूनही जुन्यावर मन बसले असेल, तर स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बरोबर तीन डिस्क न्याव्यात. एक ७० मिनिटांहून जास्त लांबीची, एक थोडे ओरखडे असलेली आणि एक घरी भरलेली.

विकणाऱ्याची नव्हे, आपली डिस्क घाला. ट्रे बंद झाल्यापासून गाण्यांची किंवा सूरहांची संख्या पडद्यावर यायला किती वेळ लागतो ते पाहा. चांगला प्लेअर काही सेकंदांत वाचतो. घुटमळत असेल, पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर लेन्स थकली आहे. मग लांब डिस्कचा शेवटचा भाग लावा. तो बाहेरच्या कडेला असतो, आणि दुखणे बहुधा तिथेच उघडे पडते. पहिल्या भागावरून शेवटच्यावर, शेवटच्यावरून मधल्यावर उड्या मारून पाहा. लेन्स सरकताना करकर ऐकू येते का?

ट्रे दहा वेळा उघडा आणि बंद करा. अडखळला तर बेल्ट गेला आहे. त्याने घाबरू नका, पण भावात धरा. नंतर प्लेअर निदान एक तास चालू ठेवा आणि चहा घ्या. गार असताना नीट वाजणारी कित्येक यंत्रे तापल्यावर अडखळू लागतात. पडद्यावरचे अंक मंद झालेत का, रिमोट मूळचा आहे का, पेटीच्या स्क्रूंची डोकी झिजलेली आहेत का, हेही पाहा. झिजलेले स्क्रू म्हणजे पेटी अनेकदा उघडली गेली आहे. मग काय दुरुस्त केले ते विचारा.

समुद्राकाठच्या घरातले यंत्र असेल तर जोडण्यांवर गंज आणि आत बुरशी पाहायला हवी. हे काम कारागिराचे. झाकण उघडून चालू यंत्राच्या लेन्समध्ये कोणीही डोकावू नये. तो किरण दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मुलांना तर दूरच ठेवावे.

सौदा ठरला तर आणण्याची व्यवस्था नीट करा. काही उंची प्लेअरच्या तळाला प्रवासासाठी लेन्स जखडून ठेवणारा स्क्रू असतो. तो लावल्याशिवाय यंत्र एसटीच्या टपावर किंवा पार्सलच्या गोण्यांत टाकले, तर मुंबईत ठणठणीत असलेला प्लेअर घरी मुका होऊन पोचतो. मांडीवर ठेवून आणलेला बरा.

ऐब आणि अमानत

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस लागला आहे. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, अशी ताकीद दिली. चौदाशे वर्षांपूर्वीची ती धान्याची रास आणि आजचा जुना सीडी प्लेअर यांत तत्त्वाचा काही फरक नाही. वरून चकाकणारी पेटी आणि आत थकलेली लेन्स, हे ओले धान्य तळाशी ठेवण्यासारखेच आहे.

म्हणून आपल्यापैकी कोणी जुनी वस्तू विकत असेल, तर तिचे ऐब आपणहून सांगावेत. 'विचारले नाही म्हणून सांगितले नाही' ही सबब मोमिनाला शोभत नाही. आमची सूचना अशी की कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात. किती वर्षे वापरला, काय बदलले, काय अडखळते. अशा कागदाने भाव थोडा उतरेल, पण कमाईतली बरकत राहील.

घेणाऱ्यालाही फिकहने हक्क दिले आहेत. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर वस्तू परत करण्याचा अधिकार असतो. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. सौद्याच्या वेळीच 'पाहून घेतो, नाही पटला तर परत' अशी अट घालता येते. ती खियार-ए-शर्त. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत तिची मुदत तीन दिवसांपर्यंत सांगितली आहे. तपशील आपल्या मौलानांकडून समजून घ्यावा. जुन्या यंत्राच्या सौद्याला तीन दिवसांची ही अट किती चपखल बसते पाहा. तीन दिवस रोज दोन-दोन तास वाजवले की लेन्सचे बहुतेक खरे-खोटे कळते. भल्या विक्रेत्याला ही अट जड वाटणार नाही. आणि ज्याला ती फार जड वाटते, त्याच्याकडून न घेतलेलेच बरे.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आपण पटकन विसरतो. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कसूर करणाऱ्यांना इशारा आहे, आणि तो त्यांना आहे जे स्वतः घेताना पुरेपूर घेतात व दुसऱ्याला देताना कमी देतात. घेणाऱ्याच्या हातातही एक माप असते. एखाद्या घरचा हौशी माणूस वारतो. त्याची बेवा, जिला त्या यंत्राची किंमत माहीत नाही, कपाट रिकामे करायचे म्हणून मिळेल त्या भावात देऊन टाकते. घेणारा आनंदाने सांगत फिरतो की लाखाची वस्तू चार हजारांत उचलली. हा शहाणपणा आहे की कमी माप? वस्तूची खरी किंमत आपल्याला ठाऊक असेल तर ती सांगावी आणि मग भाव करावा. भाव करण्याला मनाई नाही. दुसऱ्याच्या अजाणतेपणावर हात मारणे शोभत नाही, एवढेच.

नव्याचेही दोन धोके

नवा प्लेअर घेतला म्हणजे सगळे निर्धास्त, असे नाही. पहिला धोका बिलाचा. आखातातून कोणी नवा प्लेअर आणून दिला, किंवा दुकानदाराने बिलाशिवाय स्वस्तात दिला, तर कंपनीची हमी इथे बहुधा लागू होत नाही. अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि हमीचे कार्ड घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे दाद मागायची वेळ आली, तरी पहिला पुरावा म्हणून बिलच लागते. नव्यासाठी पैसे मोजताना आपण या बिलाचेही पैसे मोजत असतो. ते न घेता नवा घेणे म्हणजे नव्याच्या किमतीत जुन्याची काळजी विकत घेणे.

दुसरा धोका हप्त्यांचा. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली की आपली माणसे निश्चिंत होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते. व्याज प्रक्रिया शुल्कात लपलेले असते, किंवा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारली जाते. दुकानात सरळ विचारा, रोखीत किती आणि हप्त्याने एकूण किती? दोन आकड्यांत फरक निघाला तर तो कशाचा, हे ज्याने त्याने समजून घ्यावे. हौसेच्या वस्तूसाठी रिबाचा संशय अंगावर घेऊ नये. पैसे साठेपर्यंत थांबावे. तिलावत, नात आणि तकरीर ऐकण्यापुरतेच काम असेल, तर तोवर घरातला साधा डीव्हीडी प्लेअरही ऑडिओ सीडी वाजवतो, आणि बहुतेक एमपीथ्री डिस्कही.

मग या भगिनीने काय करावे?

आमचे मत अम्मींच्या बाजूने आहे. नवा घ्यावा.

कारणे तीन. ते घर गावात आहे, चांगला कारागीर मुंबईला किंवा कोल्हापूरला. दरवेळी बिघडले की कोण नेणार, कोण आणणार? जुना उंची प्लेअर ज्याच्या शहरात कारागीर आहे, ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला यंत्राशी झटण्याची आवड आहे, त्याने खुशाल घ्यावा. अशा माणसाच्या हाती तो आणखी वीस वर्षे वाजेल आणि एक चांगली वस्तू भंगारात जायची वाचेल. मामूंना स्वतःसाठी घ्यायचा असेल तर आमची काहीच हरकत नाही.

दुसरे कारण डिस्कचे. एमपीथ्री आणि घरी भरलेल्या डिस्क वाजण्याची आशा नव्यात जास्त.

तिसरे कारण सर्वांत मोठे. हा प्लेअर अशा माणसासाठी आहे, ज्याला तो बंद पडण्याचे कारण दिसणार नाही. यंत्र अडखळले तर आपण पाहतो, ट्रे उघडतो, पुन्हा लावतो. नजर नसलेला माणूस वाट पाहत बसतो. त्याला वाटते, आपल्याच हातून काही झाले. आवाजात दहा टक्के गोडी कमी असली तरी चालेल, रोज फज्रनंतर बटण दाबले की तिलावत सुरू झाली पाहिजे.

म्हणून दुकानात अब्बांना घेऊन जावे. कंपनीचे नाव बाजूला ठेवून त्यांच्या बोटांना विचारावे. सुरू करण्याचे आणि ट्रेचे बटण चाचपून वेगळे कळते का? काही सुंदर प्लेअरमध्ये सगळी बटणे एकसारखी, बारीक आणि सपाट असतात. ती नकोत. घरी आल्यावर 'सुरू'च्या बटणावर चिकटपट्टीचा जाडसर तुकडा लावावा. काही नवे प्लेअर थोडा वेळ न वापरल्यास आपोआप झोपी जातात. ती सोय मेनूतून बंद करून ठेवावी, नाहीतर अब्बा बटण दाबत राहतील आणि यंत्र गप्प.

आणि प्लेअर घेण्याच्याही आधी एक काम करावे. मरहूम वालिदांच्या आवाजाच्या त्या दोन डिस्क आजच कोणाकडून संगणकावर उतरवून घ्याव्यात. घरी भरलेल्या डिस्कचा रंगथर उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो, आणि एकदा गेला की उंचीतला उंची प्लेअरही तो वाचू शकत नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक कुवेतला भावाकडे, आणि एक नव्या डिस्कवर भरून अब्बांच्या हाती. मूळ डिस्क डबीत घालून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात उभ्या ठेवाव्यात. तिच्यावर बॉलपेनने काही लिहू नये.

प्लेअर नवा असो वा जुना, दहा-पंधरा वर्षांनी तो बदलावाच लागेल. तो आवाज पुन्हा भरता येणार नाही. पैसे मोजण्याआधी तो जपला गेला, तर अर्धी चिंता तिथेच मिटली, इन्शाअल्लाह.